चाळीतला कांदा आणि सरळ रेषा: महागाईचा अंदाज कोणत्या पद्धतीनं बांधावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अर्थशास्त्रात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीनं भारताच्या किरकोळ महागाई दराचा पुढच्या महिन्याचा अंदाज दोन पद्धतींनी काढला. एक अरिमा, म्हणजे रेषीय पद्धत: मागच्या आकड्यांना ठराविक वजनं देऊन त्यांची बेरीज करणारी. दुसरी एलएसटीएम, म्हणजे न्यूरल नेटवर्कातला (डेटातून नियम स्वतः शोधणाऱ्या गणिती जाळ्यातला) एक प्रकार, अर्थात अरेषीय. एलएसटीएमची अचूकता 96 टक्के आली, अरिमाची 93. मार्गदर्शक विचारतात की हा फरक खरा कशावरून मानायचा. आणि तिला स्वतःला जाणून घ्यायचं आहे की आर्थिक निर्देशांकांसाठी रेषीय पद्धत चांगली की अरेषीय.

गेली वीसेक वर्षं मी हेच काम करतो आहे, म्हणून तिलाच उद्देशून जरा सविस्तर लिहितो.

आधी उत्तर सांगून टाकतो. एकूण महागाई दरासाठी, तुमच्या हातात आहे तेवढ्या डेटावर, रेषीय मॉडेलच पायाला ठेवा. अर्थव्यवस्थेत अरेषीयता आहे आणि भरपूर आहे, पण ती सगळीकडे सारखी पसरलेली नसते. काही ठराविक जागी ती दबा धरून बसलेली असते. त्या जागा माहीत करून घेऊन तिथं ती हातानं बसवावी लागते. नेटवर्क ती आपोआप शोधून काढेल ही अपेक्षा एवढ्याशा डेटावर पुरी होत नाही.

आता तुमच्या 96 टक्क्यांकडे येऊ. एक काम आत्ताच करा. चाचणीच्या काळातला खरा महागाई दर आणि एलएसटीएमचा अंदाज एकाच आलेखावर काढा आणि अंदाजाची रेघ एक महिना डावीकडे सरकवून बघा. ती खऱ्या रेघेवर जवळजवळ तंतोतंत बसली, तर तुमच्या नेटवर्कनं एकच गोष्ट शिकली आहे: मागच्या महिन्याचा आकडा पुढच्या महिन्याला चिकटवायचा. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या प्रबंधांत हे इतक्या वेळा दिसतं की हल्ली मी सगळ्यात आधी हेच बघतो.

असं का होतं? वार्षिक महागाई दर म्हणजे बारा महिन्यांच्या भाववाढीची बेरीज. जूनचा दर आणि जुलैचा दर यांच्यात अकरा महिने सामायिक असतात. त्यामुळे लागोपाठचे आकडे जवळपासच असणार, आणि ‘उद्या आजच्यासारखाच’ एवढं म्हणणारं मॉडेलसुद्धा नव्वदीच्या वर अचूकता दाखवू शकतं. तुमच्या कोष्टकात हे तिसरं, बिनडोक मॉडेल नाही. ते घाला. ज्या मॉडेलला त्याच्यावर मात करता येत नाही त्याची अचूकता कितीही दिसो, ती मॉडेलची नव्हे, मालिकेची आहे.

मुळात चिकटवेगिरी कुठे उघडी पडते ते खऱ्या आकड्यांवर बघू. किरकोळ महागाई दर ज्यावरून काढतात त्या ग्राहक किंमत निर्देशांकाचे, 2012 सालची पातळी 100 धरून (म्हणजे 2012 पायाचे), हे आकडे आहेत: जून 2023 ला 181.0, जुलै 2023 ला 186.3. एका महिन्यात जवळजवळ तीन टक्क्यांची उडी, टोमॅटोमुळे. आता वर्षभर पुढे या. जून 2024 चा निर्देशांक 190.2, म्हणजे महागाई दर 5.08 टक्के. तुम्ही जुलै 2024 चा अंदाज करायला बसला आहात. दरावर पोसलेलं नेटवर्क म्हणेल, पाचच्या आसपास. पण कागद-पेन्सिल घ्या. भाजक आधीच माहीत आहे, 186.3. जुलैत भाव अजिबात वाढले नाहीत असं धरलं तर दर 2.1 टक्के निघतो. पावसाळा म्हणून एक टक्का वाढ धरली तर 190.2 चे 192.1 होतात आणि दर 3.1 येतो. प्रत्यक्ष आकडा आला 3.54 टक्के.

एका साध्या भागाकारानं नेटवर्कपेक्षा कितीतरी जवळचा अंदाज दिला, कारण त्यात बेस इफेक्ट, म्हणजे वर्षापूर्वीच्या आकड्याचा परिणाम, नीट हिशेबात धरला होता. महागाई दर हा अंदाजासाठी वापरायचा कच्चा माल नाही, ते शेवटी काढायचं गुणोत्तर आहे. मॉडेल निर्देशांकाच्या महिनागणिक बदलावर बांधा, त्यात हंगामाचे बारा सहगुणक (दर महिन्यासाठी एक) घाला, पुढच्या महिन्याचा निर्देशांक काढा आणि मग वर्षापूर्वीच्या निर्देशांकानं भागा. हे केलं की तुमच्या अरिमाची चूक बरीच कमी होईल. एलएसटीएमलाही हीच संधी द्या, म्हणजे तुलना न्याय्य होईल.

इथे आणखी एक गोष्ट. 2012 पायाच्या या मालिकेत ग्रामीण-शहरी मिळून आकडे जानेवारी 2011 पासूनचे आहेत. 2025 अखेर धरून 180 महिने. शिकवणीच्या व्हिडिओंत असतो तसा 50 युनिटांचा एक थर आणि एकच इनपुट घेतलं, तर त्या एलएसटीएममध्ये 10,451 पॅरामीटर, म्हणजे डेटावरून ठरवायचे आकडे, असतात. साध्या स्वयंसंबंधी मॉडेलमध्ये, म्हणजे मालिकेच्याच मागच्या बारा महिन्यांवरून पुढचा आकडा काढणाऱ्या रेषीय मॉडेलमध्ये, स्थिरांक धरून 13. एकशे ऐंशी निरीक्षणांतून दहा हजार आकडे ठरवायचे म्हणजे नेटवर्क मालिका पाठ करणार, समजून घेणार नाही. पावसाचे, निवडणुकांचे, तेलाच्या भावाचे किती निरनिराळे प्रसंग या पंधरा वर्षांत आले? मोजकेच. पाठ करायला तेवढे पुरतात, शिकायला नाही.

दुसरा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो आणि त्याबद्दल मराठीत कुणी लिहिलेलं फारसं दिसत नाही. कित्येकदा जी अरेषीयता दिसते ती आपण मोजमाप कसं घेतलं त्यातून आलेली असते. औद्योगिक उत्पादन निर्देशांक घ्या. एप्रिल 2019 मध्ये तो 126.5 होता. टाळेबंदीच्या एप्रिल 2020 मध्ये 54.0 वर कोसळला. एप्रिल 2021 च्या पहिल्या अंदाजात 126.6. वार्षिक वाढीचा दर बघितलात तर आधी उणे 57.3 टक्के, नंतर अधिक 134.4 टक्के. मॉडेलला वाटेल की पडताना एक नियम आणि चढताना दुप्पट जोराचा दुसरा. प्रत्यक्षात कारखाने जिथून खाली गेले तिथंच परत आले. आकड्यांचा लॉग (लॉगरिदम) घ्या: पडझड 0.85, भरपाई 0.85. अरेषीयता गायब. म्हणून कोणतंही अरेषीय मॉडेल उचलण्याआधी लॉग घेऊन, हंगाम काढून, बेस इफेक्ट बाजूला करून बघा की उरलेल्या चुकांमध्ये काही शिल्लक राहतं का.

त्या एप्रिल-मे 2020 च्या आकड्यांबद्दल आणखी सांगायला हवं, कारण तुमची मालिका त्यातूनच जाते. टाळेबंदीत भाव गोळा करणारे कर्मचारी बाजारात जाऊ शकत नव्हते. त्या दोन महिन्यांचे ग्राहक किंमत निर्देशांक नंतर गणिती पद्धतीनं भरून काढलेले आहेत. त्यामुळे मॉडेल तिथं जे शिकेल ते बाजाराचं वागणं नसेल, भरणी करण्याची पद्धत असेल. आणि उत्पादनासारख्या मालिकेत तो एक महिना एवढा जड असतो की रेषीय मॉडेलचे सगळे सहगुणक स्वतःकडे ओढून घेतो. रेषीय पद्धतीची ही खरी दुखरी बाजू आहे, मी ती लपवणार नाही. ते महिने डमी चल (त्या महिन्यापुरता 1, एरवी 0) टाकून बाजूला ठेवा, किंवा त्या काळात अनिश्चितता जास्त होती असं मॉडेलला स्पष्ट सांगा. दोन्ही उपाय चालतात. काहीच न करणं चालत नाही.

आता खऱ्या अरेषीयतेकडे. मला ती नीट कळली ती लासलगावला.

2019 च्या नोव्हेंबरात कामानिमित्त मी तिथल्या बाजार समितीच्या आवारात उभा होतो. आमचं त्या वेळचं मॉडेल रेषीय होतं: मागचे भाव, आवक, हंगाम. त्याचं म्हणणं होतं की दरवर्षीसारखा लाल कांदा येईल आणि भाव उतरतील. लिलावाच्या रांगेत एका वयस्कर शेतकऱ्याची ट्रॉली होती. कांदा हलका झालेला, बऱ्याच गाठींना कोंब फुटलेले. ते म्हणाले, ‘‘ही शेवटची ट्रॉली. चाळ मोकळी झाली. लाल कांदा पावसानं वावरातच सडला.’’ आमच्या मॉडेलमध्ये आवक होती, पण चाळीत, म्हणजे शेतकऱ्याच्या कांदा साठवायच्या शेडमध्ये, किती शिल्लक आहे हे कुठेच नव्हतं. पुढच्या महिन्यात देशातल्या अनेक शहरांत किरकोळ कांदा शंभर रुपये किलोच्या वर गेला. त्या डिसेंबरचा आमचा अंदाज सपशेल चुकला, आणि तो का चुकला हे त्या ट्रॉलीपाशी मला आधीच कळलेलं होतं.

चाळीचं गणित असं आहे. उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो आणि चाळीत जातो. तोच ऑक्टोबरपर्यंत, कधी नोव्हेंबरपर्यंत देशाला पुरवायचा असतो. मग खरिपाचा लाल कांदा येतो, त्यामागून रांगडा. चाळीत माल आहे तोवर भाव पडायला लागले की शेतकरी माल अडवतो, चढायला लागले की काढतो. म्हणजे साठा भावाला दोन्हीकडून धरून ठेवतो आणि त्या काळात सरळ रेषा छान चालते. पण आजचा कांदा उद्यासाठी ठेवता येतो, उद्याचा कांदा आज आणता येत नाही. साठा शून्याच्या खाली जात नाही. चाळ रिकामी झाली की आवक थोडी जरी घटली तरी भाव उसळतो, कारण सावरायला मागे काहीच नसतं. अँगस डीटन आणि गी लारोक या अर्थशास्त्रज्ञांनी 1992 मध्ये शेतमालाच्या भावांबद्दल नेमकं हेच मांडलं: बराच काळ शांतता आणि मध्येच टोकदार उसळी, हे साठवणुकीच्या याच मर्यादेतून येतं.

इथं उंबरठ्याचं मॉडेल हवं. साठा एका पातळीच्या वर असेल तर एक समीकरण, खाली असेल तर दुसरं. संख्याशास्त्रज्ञ हॉवेल टाँग यांनी मांडलेली ही पद्धत जुनी आणि साधी आहे, आणि त्यातलं प्रत्येक समीकरण स्वतः रेषीयच असतं. पॅरामीटर फार तर दुप्पट होतात, हजारपट नाही. मुख्य म्हणजे उंबरठा कशावर ठेवायचा हे आपल्याला चाळीतून कळलेलं असतं. कांद्याच्या मोठ्या उसळ्या आठवून बघा: 2010 चा डिसेंबर, 2013, 2015, 2019, 2020, 2023. सहा प्रसंग. सहा उदाहरणांवरून कोणतंही नेटवर्क चाळ म्हणजे काय ते शिकू शकत नाही. ज्याला चाळ माहीत आहे तो सहा उदाहरणांवरून उंबरठ्याची जागा ठरवू शकतो.

शिवाय कांद्यात आणखी एक अवस्थाबदल आहे, तो दिल्लीतून होतो. भाव एका मर्यादेपलीकडे गेले की निर्यातीवर निर्बंध येतात: सप्टेंबर 2019 मध्ये बंदी, सप्टेंबर 2020 मध्ये पुन्हा बंदी, ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यात शुल्क आणि त्याच डिसेंबरात बंदी, जी मे 2024 मध्ये उठली. भाव चढला म्हणून धोरण बदलतं आणि धोरण बदललं म्हणून भाव पडतो. नाशिकच्या शेतकऱ्याच्या संसाराला याचा बसणारा फटका हा वेगळा आणि मोठा विषय आहे. मॉडेल बांधणाऱ्यानं एवढं तरी करावं की निर्बंधांच्या तारखा हातानं घालाव्यात.

पेट्रोलही असंच. 4 नोव्हेंबर 2021 पासून 21 मार्च 2022 पर्यंत तेल कंपन्यांनी पंपावरचा भाव हलवला नाही, मध्यंतरी कच्चं तेल शंभर डॉलरच्या वर गेलं तरी. मग सोळा दिवसांत दहा रुपयांची वाढ. कच्च्या तेलावरून पेट्रोलचा भाव काढणारी सरळ रेषा इथं पसरट सरासरी देते, जी कोणत्याच महिन्यात खरी नसते.

मग संशोधन काय म्हणतं? जेम्स स्टॉक आणि मार्क वॉटसन या अर्थशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये अमेरिकेच्या 215 मासिक मालिकांवर रेषीय पद्धती, न्यूरल नेटवर्क आणि अवस्थाबदलाची मॉडेलं अशी तुलना केली. साधी स्वयंसंबंधी मॉडेलं एकेकट्या अरेषीय मॉडेलांना भारी पडली, आणि अनेक पद्धतींची सरासरी त्याहून बरी निघाली. 2018 च्या एम-4 या अंदाज बांधण्याच्या स्पर्धेत एक लाख मालिका होत्या. त्यात निव्वळ मशिन लर्निंगच्या पद्धती मागे पडल्या, पण पहिली आलेली पद्धत एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग (ताज्या आकड्यांना जास्त वजन देणारी सरासरी) आणि न्यूरल नेटवर्क यांचं मिश्रण होती. उलट बाजूही सांगतो. 2021 मध्ये मेदेइरोस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अमेरिकेच्या महागाईसाठी रँडम फॉरेस्ट, म्हणजे अनेक निर्णयवृक्षांची सरासरी घेणारी अरेषीय पद्धत, रेषीय पद्धतींना मागे टाकते. पण त्यांच्याकडे 1960 पासूनची मासिक माहिती होती आणि शंभराहून जास्त चलं होती. तुमच्याकडे एक मालिका आहे आणि 180 महिने. त्यांचा निष्कर्ष मला पटतो. तो उचलून इथं लावणं पटत नाही.

आणि खरं सांगायचं तर मॉडेल रेषीय की अरेषीय यापेक्षा ताजी माहिती किती वापरली यावर जास्त अवलंबून असतं. जुलै 2023 चंच घ्या. महागाई दर जूनमधल्या 4.87 वरून 7.44 टक्क्यांवर गेला. भाज्या वर्षभरात 37 टक्क्यांनी महागल्या होत्या. त्या निर्देशांकात भाज्यांचा भार 6.04 टक्के होता, म्हणजे 7.44 पैकी दोन टक्क्यांहून थोडा जास्त वाटा एकट्या भाज्यांचा. टोमॅटोचा स्वतःचा भार तर 0.57 टक्के. रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीचा जुलै-सप्टेंबर तिमाहीचा अंदाज जूनच्या बैठकीत 5.2 टक्के होता, तो 10 ऑगस्टला 6.2 करावा लागला. प्रत्यक्षात सरासरी निघाली 6.4. मे अखेरच्या आकड्यांवर बसून कोणतंही मॉडेल, सरळ वा वाकडं, ही उडी पकडू शकलं नसतं. पण केंद्राचं ग्राहक व्यवहार खातं टोमॅटोचा किरकोळ भाव रोज प्रसिद्ध करतं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ते आकडे बघणाऱ्याला उडी दिसत होती. अधिकृत निर्देशांक आला 14 ऑगस्टला. म्हणजे कांदा, बटाटा, टोमॅटो यांचे रोजचे भाव साध्या रेषीय समीकरणात घातले तरी तुमचा पुढच्या महिन्याचा अंदाज कुठल्याही नेटवर्कपेक्षा जास्त सुधारेल. हे मी स्वतः वर्षानुवर्षं करून पाहिलं आहे.

तुलना कशी करायची ते आता भराभर सांगतो. डेटा शिकवण्याच्या आणि चाचणीच्या भागांत यादृच्छिकपणे विभागू नका. काळाच्या क्रमानं पुढे सरकत जा, प्रत्येक महिन्यात फक्त तोवर उपलब्ध असलेल्या माहितीवर मॉडेल पुन्हा बसवा. एलएसटीएमसाठी आकडे शून्य ते एकमध्ये आणताना संपूर्ण मालिकेचा कमाल-किमान घेतला असेल, तर भविष्य आधीच मॉडेलला सांगून टाकलेलं आहे. ते दुरुस्त करा. किती फेऱ्या शिकवायचं हे चाचणीच्या काळावर बघून ठरवलं असेल तर तेही. नेटवर्क दहा वेगवेगळ्या सुरुवातींनी चालवा आणि सगळ्यात चांगला नव्हे, मधला निकाल द्या. एक, तीन आणि बारा महिने पुढचे अंदाज वेगवेगळे दाखवा.

टक्केवारीतली अचूकता मात्र काढूनच टाका. ऑक्टोबर 2025 मध्ये महागाई दर 0.25 टक्के होता. अंदाज 0.75 दिला तर चूक अर्ध्या टक्क्याची, म्हणजे अगदी चांगला अंदाज. पण टक्केवारीच्या हिशेबात ती 200 टक्के चूक ठरते. त्या एका महिन्यानं तुमचा अख्खा निकाल फिरेल. चुकांचा वर्ग घेऊन सरासरीचं वर्गमूळ काढा, सोबत चुकांची सरासरी द्या, आणि दोन मॉडेलांतला फरक खरा आहे का यासाठी डीबोल्ड-मारियानो चाचणी लावा, छोट्या नमुन्यासाठीच्या दुरुस्तीसह. तुमच्या चाचणीत दोन-तीन वर्षांचेच महिने असतील, तर 96 आणि 93 मधला फरक बहुधा त्या चाचणीत टिकणार नाही. तो टिकला नाही तर तसं लिहा. मार्गदर्शकांनी विचारलं होतं ते हेच.

प्रबंधाला वजन यावं असं वाटत असेल तर एक प्रकरण फक्त कांद्यावर लिहा, आणि तिथं रेषीय विरुद्ध उंबरठ्याचं मॉडेल अशी तुलना करा. चाळीतल्या साठ्याचा थेट मासिक आकडा नसतो, पण अ‍ॅगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर बाजार समित्यांची रोजची आवक मिळते. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत इथली ऑगस्ट-सप्टेंबरमधली आवक त्याआधीच्या पाच वर्षांच्या सरासरीच्या किती टक्के आहे ते काढा आणि उंबरठा त्याच्यावर ठेवा. आधी एखाद्या शनिवारी तिकडे जाऊन दोन-चार शेतकऱ्यांना विचारून या, की चाळी यंदा कधी भरल्या आणि किती माल खराब झाला.